वाफसा बघून लावलेला केक

आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या कॉलनीत राहायला आलो ती पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी एक उंच, सावळे गृहस्थ न विचारता फाटक उघडून आत आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. सामानाची खोकी ओलांडत ते थेट आमच्या झोपायच्या खोलीत गेले, फरशीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हितं माझा फ्लावर व्हता."

मला वाटलं, यांची एखादी फुलदाणी वगैरे राहिली असावी. "तुमचं काही राहिलंय का इथे?" मी विचारलं.

"राहिलंय कुठं? समदं गेलं," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा पलंग हाय ना, त्याच्या खाली येवढा येवढा गड्डा यायचा." दोन्ही हातांनी त्यांनी गड्ड्याचा आकार दाखवला. मग स्वयंपाकघरात डोकावले. "हितं मेथी." शेवटी न्हाणीघराच्या दारात थांबून म्हणाले, "हितं काय नाय. हितं नुसतं गवात." आणि आले तसे निघून गेले.

हे नाना विधाते. आमची सगळी कॉलनी त्यांच्या भाजीपाल्याच्या मळ्यावर उभी आहे. मळा विकला तेव्हा आमच्या शेजारचा, कोपऱ्यातला एक प्लॉट त्यांनी स्वतःला ठेवला आणि त्यावर बंगला बांधला. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, असे दोघंच राहत. मुलगा सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला होता, तिथेच बिऱ्हाड करून होता.

नानांच्या डोक्यातला मळा मात्र कुणी विकत घेतलेला नव्हता. नवीन पोस्टमन पत्ता विचारायला लागला, की नाना सांगत, "जोशी? ते वांग्यात राहत्यात. अन् कुलकर्णी सर कोबीत, रस्त्याच्या पल्याड." पोस्टमन सायकल धरून तसाच उभा राही. हळूहळू आम्हालाही त्याची सवय झाली. आमच्या मुग्धाने शाळेत 'माझे घर' या निबंधात 'आम्ही फ्लॉवरमध्ये राहतो' असं लिहिलं आणि बाईंनी मला भेटायला बोलावलं.

नानांच्या मागे कायम एक कुत्रा असे. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. त्याचं नाव शेठ. मळ्यात सगळी माणसं उन्हात राबत असताना हा एकटा आंब्याखाली पसरलेला असे, म्हणून शेठ. नाना त्याच्याशी अहो-जाहोनेच बोलत. "शेठ, उठा. शेठ, जरा सरका, ताईंना जाऊ द्या." प्लॉट पाडणारा बिल्डरही कॉलनीत शेठ म्हणूनच ओळखला जाई. एकदा तो कुणाशी तरी बोलत उभा असताना नाना मागून ओरडले, "शेठ, तिथं मुतू नका!" बिल्डर एकदम दचकून भिंतीपासून लांब झाला. कुत्रा हलला नाही.

अशा माणसाचा केकशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला तो शेठच्या दातांमुळे.

शेठ म्हातारा झाला. दुधात कुस्करलेली भाकरीही त्याला चावेना. ताटलीत तोंड घालायचा आणि नानांकडे बघत राहायचा. त्याच सुमारास मुग्धाच्या वाढदिवसाला मी केक केला. माझे केक बरे म्हणावेत इतपतच होत. उरलेला तुकडा मुग्धाने शेठला घातला. त्याने तो खाल्ला, ताटली चाटली, मग ताटलीखालची फरशी चाटली.

संध्याकाळी नाना दारात. "ताई, ह्ये काय असतं? कसं लावत्यात?"

'लावत्यात' हा शब्द मी तेव्हा कानाआड केला. पण नानांना खरोखर लागवडच अभिप्रेत होती. त्यांच्याकडे सुनेने काकूंना दिलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन पडून होता. झाकणाला काच असलेला, विजेवर चालणारा. काकू त्यात कुरडया ठेवत. नानांनी कुरडया डब्यात हलवल्या आणि ओव्हन ओट्यावर घेतला. मी त्यांना कृती सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि आपल्या भाषेत करून टाकली. बेकिंग पावडरला ते 'खत' म्हणत. व्हॅनिला इसेन्सला 'औषध'. "ताई, औषध किती मारायचं?" असा प्रश्न ते फाटकातून ओरडून विचारत आणि येणारे-जाणारे आमच्या घराकडे संशयाने बघत. ओव्हन आधी तापवून घ्यायचा असतो, हे त्यांना एकदम पटलं. "म्हंजे वाफसा येऊ द्यायचा," ते म्हणाले. पेरणीजोगी ओल जमिनीत आली, की शेतकरी वाफसा आला म्हणतात. त्या दिवसापासून नानांनी वाफसा आल्याशिवाय एकही केक लावला नाही.

माळकरी असल्याने अंडं वर्ज्य. दही आणि सोड्यावर त्यांचं काम चाले. मैदा त्यांना पसंत नव्हता. "लय हलकी जमीन," म्हणून त्यांनी तो बाद केला आणि सायखेड्याच्या बहिणीकडून गहू आणवले. केक ओव्हनमध्ये गेला, की नाना समोर उकिडवे बसत आणि काचेतून बघत राहत. फुगला, की भरलेलं पीक बघावं तसं म्हणत, "उतारा चांगला पडनार." मध्येच बसला, की उठून हात झटकत आणि म्हणत, "दुबार पेरणी." पहिल्या वर्षी दुबार पेरण्याच जास्त झाल्या. त्या सगळ्या शेठने खाल्ल्या.

काकूंना हे अजिबात मंजूर नव्हतं. म्हणजे तसं त्या सांगत तरी. "जल्मात चुलीपाशी फिरकले नाय," त्या मला कुंपणापलीकडून ऐकवत, "अन् आता माझ्या सैपाकघरात नांगर घातलाय. पीठ बघा, पार देवापोत्तर गेलंय. वासानं डोकं उठतं." आतून नानांचा आवाज येई, "चाळणी कुठं हाय?" काकू तोंडाने पुटपुटत आत जात आणि बराच वेळ बाहेर येत नसत.

दोन हजार सालानंतर भारनियमन वाढलं. नानांना विजेच्या वेळा नव्या नव्हत्या. मळ्याला पाणी भरण्यात त्यांचं आयुष्य त्या वेळा सांभाळण्यातच गेलं होतं. पण एकदा वीज ठरल्या वेळेच्या आधी गेली. केक अर्धा फुगलेला. रस्त्यापलीकडची लाइन वेगळी, तिथली वीज चालू. नानांनी तापलेला ओव्हन गोणपाटात गुंडाळला, उचलला आणि रस्ता ओलांडला. कुलकर्णी सर निवृत्त प्राध्यापक, दुपारी दिवाणखान्यात झोपत. त्यांना जाग आली तेव्हा त्यांच्या टीव्हीची वायर काढलेली होती, त्या जागी ओव्हन लावलेला होता, समोर नाना उकिडवे बसले होते आणि नानांच्या शेजारी शेठ.

"कोण आहे?" सर घाबरून उठले.

"झोपा, झोपा," नाना म्हणाले. "फुलोऱ्यात हाय."

सरांनी नंतर माझ्याकडे तक्रार केली, पण त्यात जोर नव्हता. त्यांना अर्धा केक मिळालेला होता.

अशी काही वर्षं गेली. नानांचा हात बसला. गाजराचा, खजुराचा, बेदाण्याचा केक ते असा करायला लागले, की मी माझा ओव्हन माळ्यावर टाकून दिला. कॉलनीत कुणाचा वाढदिवस असला, की आई-बापाआधी नानांना विचारणा होई. नाना केक देत, पण पहिला तुकडा काढून घेत. "त्यो शेठचा."

मग एका उन्हाळ्यात शेठने खाणं सोडलं. डोळ्यांवर पडदा आला होता, मागचे पाय उचलत नव्हते. नानांनी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आले ते माझ्याकडेच आले. पायरीवर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले.

"डॉक्टर म्हनतो, ताकद नाय राहिली. अंडं घाला म्हनतो."

मी काय ते समजले. "अंडी मी आणते. केक माझ्याकडे करू. काकूंच्या घरात नको."

ओव्हन माळ्यावरून खाली आला. नाना सायखेड्याचं पीठ घेऊन येत. मी अंडी फोडायला घेतली, की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "झालं का?" "झालं." "फेटलं का?" "फेटलं." मग वळून पुढचं काम हातात घेत. शेठ तो केक खाऊ लागला. थोडा थोडा, पण खाऊ लागला.

एकदा मला ऑफिसातून यायला उशीर झाला. आले तर नाना फाटकाशी उभे. दुपारपासून शेठच्या पोटात काही नव्हतं. मी पिशवी टाकून घाईने हात धुवायला गेले. परत आले तर खिडकीच्या कट्ट्यावर नानांची टोपी काढून ठेवलेली होती आणि टोपीत त्यांची माळ.

"नाना, अहो, मी करते ना."

"तुम्ही दमून आलाय. किती दिस तुमच्या हातानं करायचं? खातो माझा कुत्रा अन् पाप तुमच्या माथी."

"मला कसलं पाप? आम्ही खातो अंडी."

"तरीबी."

त्यांनी अंडं वाटीच्या कडेवर आपटलं. नारळ फोडावा तसं. निम्मं ओट्यावर गेलं, निम्मं वाटीत, त्यात टरफलं. ते एका बोटाने टरफलं काढत बसले आणि त्या वाटीकडे बघतच बोलू लागले. आवाज नेहमीचा, बाजारभाव सांगावा तसा.

"मळ्याची रजिस्ट्री झाली ना ताई, त्या दिवशी कचेरीतनं घरी आलो. घरात पेढे. पाव्हणे. पोरगा मोटारसायकल बघाया गेलेला. समदे खूश. मी आपला उठलो अन् वावरात जाऊन बसलो. म्हनलं, येईल कोनतरी बघाया, म्हातारा कुठं गेला म्हून. कोन नाय आलं." एक टरफल निघत नव्हतं. ते त्यांनी निगुतीने काढलं. "ह्यो आला. पायावर तोंड ठेवून पडला. मी म्हनलं, शेठ, आता राखन कशाची करायची? जावा घरी, पेढे खा. तर हलला नाय."

"दुसरं द्या," ते म्हणाले, आणि दुसरं अंडं त्यांनी जरा बेताने फोडलं. केक होईपर्यंत ते माळेला शिवले नाहीत. जाताना आमच्या अंगणातल्या नळावर हात-पाय धुतले, पाणी डोक्यावर घेतलं, माळ घातली आणि केक घेऊन गेले.

शेठ दिवाळीपर्यंत जगला. ऊन अंगावर घेत पडलेला असतानाच गेला. नानांनी त्याला बंगल्याच्या मागे पुरलं. मुलगा सिन्नरहून आला, "दुसरं पिल्लू आणू," म्हणाला. नाना म्हणाले, "नको." ते रडले-बिडले नाहीत. रोज सकाळी कॉलनीतून एक फेरी मारत, पोस्टमनला पत्ते सांगत. केक मात्र बंद झाला. मुलांनी मागितला तर म्हणत, "जमनार नाय आता." लोकांनी दुकानातले केक आणायला सुरुवात केली.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या. इतक्या वर्षांत त्या कुंपणाच्या अलीकडे कधी आलेल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर पदर सावरून बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्या पडद्यांना बरं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही ह्यांच्याकडं केक मागा."

"मी? तुम्हीच सांगा ना काकू."

"मी कशी सांगू? रोज नावं ठिवली त्याला." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "लगीन झाल्यापासनं हे वावरात. पहाटं जायचे, अंधारात यायचे. जेवले की आडवे. त्या केकापायी सैपाकघरात बसायला लागले. मी बोलायची, हे ऐकायचे. इतका येळ आम्ही दोघं एका खोलीत कधी बसलोच नव्हतो. आता ओसरीवर बसत्यात, भिताडाकडं बघत. आत येत नाय."

दुसऱ्या दिवशी मी नानांना गाठलं. नवऱ्याच्या वाढदिवसाची थाप तयार ठेवली होती. पण ते समोर आले आणि मी सरळच बोलले. "नाना, काकूंना केक खायचाय."

"तिला? तिला तर वास सुदिक सोसत नाय."

"त्यांनीच सांगितलंय मला."

नाना ओसरीच्या कडेला बसले. "मंग तिनं मला का नाय सांगितलं?" त्यांनी विचारलं. खरंच न कळल्यासारखं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी खमंग वास आला. मी चहापत्ती मागायच्या निमित्ताने गेले. नाना ओव्हनसमोर उकिडवे बसलेले, काकू पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. केक निघाला, निवला, नानांनी सुरीने कापला आणि एक तुकडा बशीत घालून काकूंपुढे ठेवला. मग पंच्याला हात पुसत उभे राहिले.

काकूंनी सावकाश खाल्ला.

"साखर कमी पडली," त्या म्हणाल्या.

"किती?"

"मूठभर."

"बरं." नानांनी पिठाचा डबा परत ओढला आणि चाळणी शोधू लागले.

"अवो, आत्ता?" काकू म्हणाल्या. "आत्ता लगेच कशाला?"

"मंग कवा?" नाना म्हणाले. "तू बसलीय न्हवं हितं."