जवाईबापूंची ग्रिप

कॅमेऱ्यातलं मला सगळं कळतं, असं मी म्हणत नाही. बल्लारपुरातले लोक म्हणतात. आमच्या पतसंस्थेत कुणाच्या पोराचं बारसं असो की कुणाची निवृत्ती, फोटोसाठी पहिला फोन मलाच येतो. त्यामुळे कुरखेड्याजवळच्या गावाहून सासूबाईंचा, म्हणजे रुखमाबाईंचा, 'माझा एक चांगला फोटो काढून द्या' असा निरोप आला तेव्हा मी बायकोला म्हटलं, "रीता, असा फोटो काढतो, की गाव बघत राहील!"

गाव बघत राहिलं, एवढं खरं.

फोटोला कारण होतं. सासरे गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो सापडेना. शेवटी मतदान कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावला. जन्मात कुणाची काडी न उचललेला तो माणूस फोटोत मात्र पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसतो. सासूबाई रोज त्याला उदबत्ती लावतात आणि रोज हळहळतात. "माहा फोटो मी जित्ती असतानीच पाहून घेईन," असं त्यांनी रीताला फोनवर बजावलं होतं. "मांगून तुमचा भरोसा नाई."

एवढ्या जबाबदारीच्या कामाला नुसता कॅमेरा नेणं मला कमीपणाचं वाटलं. मी इनायतच्या दुकानात गेलो. कंपनीची बॅटरी त्यानं दाखवायच्या आधीच मी बाजूला सारली, कारण माझा अभ्यास झाला होता. आठवडाभर व्हिडिओ बघून मी एक निष्कर्ष काढला होता: ज्या बॅटरीवर आकडा सगळ्यात मोठा, ती सगळ्यात दमदार. इनायत म्हणाला, "भाऊ, आकडा तं कोनी बी छापते." मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि मोठ्या आकड्याच्या दोन घेतल्या.

मग ग्रिप. ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला बसवायची जाड मूठ. आत दोन्ही बॅटऱ्या मावतात, आणि कॅमेरा उभा धरला तरी बोट पोचावं म्हणून फोटो काढायचं आणखी एक बटण तिच्यावर असतं. ती लावली की साधा कॅमेराही थेट टीव्हीवाल्यांचा वाटतो. सोबतचा माहितीचा कागद चिनी भाषेत होता. इनायतनं तो उलटासुलटा पाहिला, मीही पाहिला, आणि दोघांनी समजल्यासारखी मान डोलवून तो पुन्हा डब्यात कोंबला. तिथल्या आरशात मी कॅमेरा हातात घेऊन स्वतःला एकदा बघितलं आणि विषय संपला.

जंगलातून जाताना पाखरं बुजू नयेत म्हणून मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. स्क्रीनला ओरखडे नकोत म्हणून ती आत वळवून मिटून टाकली. गावात पोचल्यापासून ती मूठ मी हातातून सोडलीच नाही. चहा डाव्या हातानं प्यायलो. वावर बघायला गेलो, गोठ्यात गेलो, चार घरी पाहुणचार घेतला, सगळीकडे मूठ घट्ट. सुटली तर लोकांना दिसणार कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खुर्ची मांडली, मागं चादर बांधली, शेजारपाजार गोळा झाला. सासूबाई नवं लुगडं नेसून येऊन बसल्या. आणि तिथंच घोडं अडलं. रुखमाबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर पदर भुवयांच्या खाली, तोंड भिंतीकडे, आणि हसणं तर नाहीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी सासूबाईंचं फक्त नाक ओळखतो. मी कॅमेरा उचलला की पदर खाली यायचा. मी कॅमेरा खाली घेतला की पदर वर जायचा.

रीता म्हणाली, "तुमी वावराकडं फिरून या. मी काढते फोटो."

"हे काही खेळणं नाही," मी म्हटलं. "याला बॅलन्स लागतो."

जरा लांबून काढलं तर बाईंना संकोच वाटणार नाही, असा विचार करून मी मागं सरकलो. आणखी थोडं मागं. आणखी थोडं. सड्यासाठी शेण कालवून ठेवलेलं घमेलं नेमकं तिथंच होतं. मी त्यात बसलो, आणि बसल्या बसल्या उताणा झालो. पाय वर गेले. कॅमेरा वाचावा म्हणून मी मूठ जिवाच्या आकांतानं आवळून धरली. मला दिसत होतं ते फक्त आभाळ. सगळं अंगण खदखदून हसलं, आणि त्यात एक हसू असं होतं, जे मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं.

मी उठून बसलो तोवर पदर पुन्हा नाकापर्यंत आला होता.

मला वाईट वाटलं असेल, असं सासूबाईंच्या मनानं घेतलं असावं. मी अंग धुऊन आलो, तर त्यांनी आपण होऊन पदर कपाळापर्यंत सारला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. काळोख! दोन्ही बॅटऱ्या ठार. चार्जर आणला होता, पण तो घरीच ठेवून आलेल्या जुन्या बॅटरीचा. नव्या त्यात बसेचनात.

सासूबाई पदर खाली ओढत म्हणाल्या, "राहू द्या, जवाईबापू. माह्या नशिबी मतदान कार्डाचाच फोटो हाय."

हे मात्र मला लागलं.

बल्लारपूरला पोचताच मी तडक इनायतच्या दुकानात. तुझ्या बॅटरीनं माझी सासुरवाडीतली इज्जत घालवली, वगैरे जे तोंडाला आलं ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बायकोकडे, नजमाभाभीकडे दिलं. दुकानाचा कॉम्प्युटर तिच्याकडे असतो. तिनं ते लावलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्या कोनाच्या चपला आहेत?"

माझ्या! चपलांचेच फोटो शेकड्यांनी होते. मग कोंबड्या, गोठा, माझी पँट, पुन्हा चपला. कॅमेरा ज्या मुठीनं धरून मी गावभर मिरवलो, तिचं बटण दिवसभर माझ्याच तळव्याखाली दाबलं जात होतं. बिचाऱ्या बॅटऱ्या फोटो काढून काढून मेल्या होत्या. मी इनायतकडे बघायचं टाळलं.

आणि मग नजमाभाभी थांबली. पडद्यावर रुखमाबाई होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं, आणि असं हसू, की आम्हा तिघांनाही आपसूक हसू आलं. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता, आणि हाही काढला नव्हताच. फक्त खालच्या कोपऱ्यात, आभाळाकडे उडालेले, शेणानं माखलेले माझे दोन पाय होते.

"पाय कापून टाकू का?" नजमाभाभीनं विचारलं. रीताला फोन लावला. रीतानं आईला विचारलं. उत्तर आलं, "काऊन कापता? जवायाचे पाय घराले लागले पायजे म्हनते नं. आता कायमचे लागले."

फोटो आता सासऱ्यांच्या शेजारी लागला आहे. सासूबाई माझ्यासमोर अजूनही पदर घेतात. मी मात्र त्यांच्या घरी गेलो की पाय मांडीखाली झाकून बसतो, कारण येणारं प्रत्येक माणूस आधी फोटोच्या कोपऱ्याकडे बघतं आणि मग माझ्या पायांकडे.