रस्त्यावरील अवजड वस्तूबाबत

परक्या देशाचं सैन्य घुसलं की नाही, हे ज्यांच्या घरात ते घुसलं त्यांनी ठरवायचं नसतं. ते आपले पलंगाखाली असतात, आणि पलंगाखालून परिस्थितीचं समग्र आकलन होत नाही. त्यासाठी लांबवर, पंख्याखाली बसलेली जाणकार माणसं लागतात.

त्या गल्लीचंही असंच झालं. एका सकाळी शेजारच्या देशाचं सैन्य आलं, पाण्याची मोठी नळी चिरडली, शाळेचा वरचा मजला खालच्या मजल्यावर आणून ठेवला, आणि आठवड्याभरात परत गेलं. शेजारच्या देशाने जाहीर केलं, की मोहीम फत्ते झाली असून आमचा एकूण एक माणूस आणि एकूण एक वाहन परत आलं आहे. इकडच्या सरकारने जाहीर केलं, की कुणी आलंच नव्हतं, आणि जे आले होते त्यांना आम्ही हाकलून दिलं. जीवितहानी नाही यावर मात्र दोघांचं एकमत झालं. (कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्त करणारे दोघे भाऊ गेले, पण ते भाड्याने राहत होते.)

मागे राहिला तो एक रणगाडा.

गल्लीच्या तोंडाशी त्याचा एक पट्टा तुटला आणि तो तिथेच बसला. आता पंचाईत अशी, की तो आहे म्हणावं तर शेजारचा देश खोटा पडतो, आणि परका आहे म्हणावं तर आपला. दोन शत्रुराष्ट्रांचं इतक्या वर्षांत आणखी एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे हा रणगाडा नाही. सगळी शांतता त्या न असण्यावर उभी होती. तो हलवणं म्हणजे शांततेलाच धक्का. म्हणून कागदोपत्री त्याला 'रस्त्यावरील अवजड वस्तू' असं नाव देण्यात आलं आणि तो विषय मिटला.

गल्लीला दुसरं तोंड नव्हतं. रणगाडा आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. पाठ भिंतीला, पोट आत, श्वास रोखलेला, आणि खेकड्यासारखं आडवं सरकत गेलं की माणूस पलीकडे निघे. बेकरीवाला काही निघेना. दुसऱ्या खेपेला त्याला चौघांनी ओढून मागे काढलं, तेव्हापासून तो गल्लीतच होता. बाहेरच्या आपल्या भट्टीला तो रणगाड्याच्या अलीकडूनच ओरडून सूचना देई. पाव आधीपेक्षा बरे होतात, असं गिऱ्हाईक म्हणे.

गल्लीच्या तोंडाशीच, पहिल्या मजल्यावर, सूनबाई राहत होती. तिचा नवरा परगावी कामाला. मधला पूल पडल्यापासून तो फोनवरच असे. ती स्वतः बाहेरच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला जाई. फटीतून रोज जाऊन-येऊन तिच्या सगळ्या ब्लाउजांच्या पाठी विरल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्याच बायकांच्या विरल्या होत्या, त्यामुळे ती फॅशन ठरली.

घरात सासरे. सगळी गल्ली त्यांना हवालदार म्हणायची, कारण ते वाहतूक हवालदार होते. जन्मभर चौकात उभं राहून त्यांनी शहराचा धूर गिळला होता, आणि आता फुफ्फुसं त्याचा हिशेब मागत होती. नाकात नळी, नळीच्या टोकाला सिलिंडर, आणि खिडकीशी खुर्ची. खिडकीतून बरोबर रणगाडा दिसे.

तो नाही, असं दोन सरकारं म्हणत होती. हवालदार म्हणत होते, तो चुकीच्या जागी उभा आहे.

"सूनबाई, खाली जा. त्याला सांग, इथे नो पार्किंग आहे."

"बाबा, त्याला तोफ आहे."

"असेल. नियमात तोफेला सूट नाही."

आणि ते शिट्टी वाजवत. जुनी पितळी शिट्टी, नोकरीतली. एकदा वाजवली की पाच मिनिटं धाप. शेवटी सूनबाईने ती काढून घेतली आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत लपवून ठेवली. "श्वास विकत आणतेय मी," ती म्हणाली, "तुम्ही तो फुंकून टाकता." म्हाताऱ्याने खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाला, "बरं, निदान खडूने रेघ तरी ओढून ये. उचललेल्या गाडीची जागा आखून ठेवायची असते. उद्या नेली, तर मालकाला कळायला नको कुठून नेली?" त्यांचं मन राखायला ती खाली गेली आणि रणगाड्याभोवती खडूची रेघ ओढून आली. आतला शिपाई तेव्हा पट्ट्यावर बसला होता. त्याने पाय उचलून तिला जागा दिली.

हो, आत एक शिपाई होता. बाकीचे गेले, हा राखणीला राहिला. एकूण एक माणूस परत आल्याचं त्याच्या सरकारने जाहीर केल्यामुळे हाही परत गेलेला होता. त्याचा पगार बंद झाला. त्याच्या गावी त्याचा सत्कार झाला म्हणे, आणि तो फार छान पार पडला. त्याला इथल्या भाषेतले दोनच शब्द येत, 'थांबा' आणि 'हटा', आणि सैन्याचं काम एवढ्यात भागतं. तिसरा शब्द त्याला सूनबाईने शिकवला.

त्याचं असं झालं, की सिलिंडर दर तिसऱ्या दिवशी लागे आणि तो फटीतून येईना. सिलिंडरवाला आपली ढकलगाडी रणगाड्याला टेकवून ओरडे, "ताई, आलोय!" पहिल्या वेळी सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग शिपाई वरून वाकला, त्याने सिलिंडर गळ्याला धरून वर घेतला आणि अलीकडे सोडला. खाली बेकरीवाल्याने तो पोटावर झेलला. देवाने दिलेलं पोट असं कामाला आलं. "सावकाश!" सूनबाई ओरडत होती, "अरे, सावकाश, सावकाश!" तिसऱ्या खेपेला शिपायानेच म्हटलं, "सावकाश." बेकरीवाल्याने त्याला दोन पाव फेकून दिले. पगार बंद असलेल्या माणसाने ते झेलले.

या व्यवस्थेत काही कमी नव्हतं. कमी होतं ते सूनबाईच्या स्वभावात. तिला वाटलं, दर खेपेला हातापाया पडण्यापेक्षा रीतसर सांगावं. ती कचेरीत गेली.

"वाहन हलवायचं असेल तर वाहतूक शाखा," साहेब म्हणाले.

"तिथे जाऊन आले. ते म्हणतात, परदेशी आहे."

"मग परराष्ट्र खातं."

"ते म्हणतात, नाहीच आहे."

"नाहीच आहे, तर बाई तुम्ही इथे कशाला आलात?"

"माझ्या सासऱ्यांना श्वास लागतो, म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. तो सूनबाईनेच घासलेला होता, डाव्या काचेच्या कडेवरून तिने ओळखला. "श्वास," साहेब म्हणाले, "हा मानवतावादी विषय झाला. तसं आधी सांगायचं." आणि खरोखर, मानवतावादी म्हटल्याबरोबर चक्रं अशी भराभर फिरली, की बघत राहावं. पंधरवड्यात एक उच्चस्तरीय समिती नेमली गेली. विषय: कथित घटनेचे नागरिकांवरील सुरक्षाविषयक, राजकीय व मानवतावादी परिणाम. सूनबाईने बेकरीवाल्याला बातमी दिली. त्याने विचारलं, "म्हणजे मी बाहेर निघेन का गं, ताई?" "निघाल की," ती म्हणाली. "पोट तेवढं आवरा, समितीपुढे बरं दिसत नाही."

समिती तीन दिवस येणार होती. तिच्या सुरक्षेसाठी ते तीन दिवस गल्ली दोर लावून बंद करण्यात आली. कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. समितीला अवजड वस्तू दिसून तिचं मत कलुषित होऊ नये, म्हणून रणगाड्यावर निळी ताडपत्री घालून ती दोरांनी आवळली. शिपायाला आतच बसायला सांगितलं. सांगणारे दोन्ही देशांचे होते. असं सहकार्य पूर्वी कधी झालं नव्हतं.

बंदीच्या पहिल्याच दिवशी सिलिंडरचा वार होता. सिलिंडरवाला आला. पहारेकऱ्याने त्याला दोराबाहेर थांबवलं. तो ओरडला, "ताई, आलोय!" आणि त्याला ओरडू नको असं सांगण्यात आलं. सूनबाई खाली गेली, परत पाठवली गेली. पुन्हा गेली.

"समितीकडेच जायचंय मला," ती म्हणाली. "मीच बोलावलंय तिला."

"समितीचं काम नागरिकांसाठी चाललंय, मावशी," पहारेकरी समजुतीने म्हणाला. "नागरिकांनी मध्ये येऊ नये."

सिलिंडर ताडपत्रीच्या पलीकडे ढकलगाडीवर उभा होता. खिडकीतून त्याचं काळं अंग आणि पांढरी मान स्पष्ट दिसत होती. घरातला सिलिंडर तिने निम्म्यावर आणला, मग निम्म्याच्या निम्म्यावर. दुसरी सकाळ अशी काढली. काटा खाली टेकला होता. ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, जसं काही आत हवा ढकलता येते.

"तो तिथे उभा आहे ना?" हवालदारांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"ढकलगाडीवर?"

"हो."

"रस्त्याच्या मधोमध. त्यालाही दंड."

दुपारी समिती आली. पाच गाड्या होत्या, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी अशा लावल्या गेल्या, की उरलेली फटही बुजली. उकाडा होता. अध्यक्षांनी कोट काढला आणि ताडपत्रीतून जे काही लांब, आडवं बाहेर आलेलं होतं, त्याला अडकवला. मग ते निष्कर्ष काढू लागले.

सूनबाईने खिडकीतून हाक मारली. वर कुणी बघेना. दुसऱ्यांदा मारली, तर पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. हवालदारांचे ओठ निळे पडत होते. त्यांनी खाली गाड्यांकडे बघितलं, आणि हाताचा पंजा तिच्यापुढे उघडा धरला.

"दे," ते म्हणाले.

"नको, बाबा."

"पाचही गाड्या चुकीच्या लावल्यात गं. दे."

तिने कपाट उघडलं. डबी काढली. श्वास साठवायला म्हणून लपवलेली वस्तू तिने स्वतःच्या पदराने पुसली आणि त्यांच्या ओठांत धरली, कारण त्यांचा हात आता वर जात नव्हता.

"फुंका," ती म्हणाली.

शिट्टी लांबलचक वाजली. निवृत्तीनंतर इतकी कधी वाजली नव्हती. गल्ली थांबली. ताडपत्रीखालून काहीतरी दोनदा ठणठणलं. अध्यक्षांनी मान वर केली, खिडकीतला म्हातारा आणि त्याला धरून उभी असलेली बाई बघितली, आणि प्रसन्नपणे हात हलवला. छायाचित्रकाराने ते टिपलं.

हवालदार संध्याकाळपर्यंत होते. मग नव्हते.

अभ्यास तिसऱ्या दिवशी पूर्ण झाला आणि गल्ली खुली झाली. सिलिंडरवाला दोन दिवस तिथेच बसला होता. तो ओरडला नाही. हवालदारांचा देह फटीतून नेता येईना, तेव्हा बेकरीवाल्याने दोर कापून ताडपत्री ओढली, आणि शिपाई वर आला. त्याने वाकून हवालदारांना काखेत हात घालून घेतलं, जसं झोपलेल्या माणसाला घेतात, आणि सिलिंडरवाल्याकडे सोडताना म्हणाला, "सावकाश." पुन्हा म्हणाला, "सावकाश." त्याला तिसरा शब्द कशासाठी शिकवला होता, ते सूनबाईला तेव्हा आठवेना.

अहवाल देखणा निघाला. सुरक्षा: परिसरात चोऱ्या शून्य (फटीतून काही नेता येत नाही). राजकीय: दोन्ही देशांत समन्वय वाखाणण्याजोगा. मानवतावादी: नागरिकांचं मनोबल उंच; एका ज्येष्ठ नागरिकाने तर खिडकीतून शिट्टी वाजवून समितीचं उत्स्फूर्त स्वागत केलं. मुखपृष्ठावर तेच छायाचित्र आहे. सूनबाईच्या मागणीची नोंद परिशिष्टात असून ऑक्सिजनचा एक सिलिंडर मंजूर झाला आहे. तो येऊन गेला.

पुढे एका सकाळी लोक उठून बघतात, तर गल्लीचं तोंड मोकळं. रणगाडा नाही, शिपाई नाही. दोन्ही सरकारांनी सांगितलं, की काहीही नेण्यात आलेलं नाही. डांबरावर फक्त खडूची रेघ राहिली होती, बरोबर मालकाला कळेल अशी.

बेकरीवाला रेघेपर्यंत आला, थांबला, आणि परत घरी गेला. बाकीचे कामाला निघाले. भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, आडवे सरकत. सूनबाईही तशीच गेली. रस्ता मोकळा आहे, हे तिला दिसत होतं. पावसाने रेघ धुऊन निघाली, तरी लोक तसेच जात राहिले, आणि आता लहान मुलंही तशीच चालायला शिकतात. चाल मोठी शिस्तीची दिसते. बाहेरून आलेल्यांना ती आवडते.

वाचकांनी अस्वस्थ होण्याचं काही कारण नाही. आपल्या गल्लीत रणगाडा नाही, याची दोन सरकारांनी नसली तरी एका सरकारने नक्कीच खात्री दिली असेल. फक्त उद्या घराबाहेर पडाल, तेव्हा कुणाचं लक्ष नाही असं बघून आपल्या सदऱ्याची पाठ एकदा चाचपून पाहा. विरली आहे का.