चमचे मोजणारे मेश्रामकाका

आम्ही कर्वेनगरातल्या या सोसायटीत राहायला आलो त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे मेश्रामकाका आले. नवे शेजारी आले की लोक पाणी किती वाजता येतं ते सांगतात. काका दारातूनच म्हणाले, "घरात लेकरू हाये म्हणे. तुमचे चमचे पाहू जरा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पंखा बसवण्यात गर्क होता.

"लेकराला औषध कोणत्या चमच्यानं देता?"

"चहाच्या. अजून कोणत्या?" मी पुणेरी उत्तर दिलं.

"मग घरातले समदे चहाचे चमचे काढा."

निघाले तीन. एक रुखवतातला, एक तुपाच्या बरणीतला आणि एक कुठून आला ते देव जाणे. काकांनी शर्टाच्या खिशातून बिनसुईची सिरिंज काढली आणि तिन्ही चमच्यांत पाणी भरून मोजलं. तिघांच्या तीन तऱ्हा. सासूबाईंना राग आला. "आम्ही अंदाजानंच वाढवली हो मुलं!"

"अंदाज पोह्यात चालते, माय," काका शांतपणे म्हणाले. "औषधात नाही चालत."

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात एका सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत त्यांनी तीस वर्षं काढली, पण बोली तिकडचीच राहिली. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, काका लोकांच्या स्वयंपाकघरात जातात. वारज्यापर्यंत लहान मुलांची घरं त्यांनी पालथी घातली आहेत. एका बारशाला बाळाच्या आत्यानं चांदीचा चमचा आणला होता. काकांनी तो मागून घेतला, पाण्यानं मोजला आणि परत देत म्हणाले, "आहेराला झकास. औषधाला नको." आत्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

रोज संध्याकाळी ते घरी आले की वरून आवाज यायचा, "आज चार घरं झाली. चारी ठिकाणी चमचा वेगळा, ऐकलं का?" त्यावर काकूंचं एक "हं." काकू फारशा बाहेर पडत नसत. मला वाटे, ही रोजची फुशारकी ऐकून बिचाऱ्या कंटाळल्या असतील.

काकांचा खरा लढा होता तो त्यांच्याच जुन्या दवाखान्याशी. तिथं अजूनही खिडकीतून "दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. चला, पुढचा!" म्हणून बाटली हातात ठेवत. काकांचं मागणं एवढंच, की मुलांच्या प्रत्येक बाटलीबरोबर मापाचं टोपण द्या, त्यावर डोसाची रेघ मारा आणि आईकडून खिडकीशीच एकदा भरून घ्या. दोन वर्षं ते अर्ज देत होते. तिथल्या मोठ्या साहेबांचं उत्तर ठरलेलं. "मेश्राम, आईला चमचा कळत नाही का?"

एकदा मी माझ्या मुलाला घेऊन त्याच खिडकीच्या रांगेत उभी होते. जेवणाच्या सुट्टीत काका सरळ आत शिरले. "चमचा म्हंजे कोनता, ते आज ठरूनच जाऊ द्या, बाप्पा!" त्यांनी सगळ्यांच्या डब्यांतले चमचे टेबलावर मांडायला लावले, साहेबांचासुद्धा. एकेक चमचा मोजून झाला. साहेबांच्या चमच्यात दोन वेळचा डोस मावला, तोही भात चिकटलेला असताना. रांगेतल्या आम्ही सगळ्या बाया खिडकीला नाक लावून बघत होतो. साहेबांनी आपला चमचा उचलला, पुसला आणि म्हणाले, "टोपणं मागवतो. आता जेवू का?"

पुढच्या महिन्यात टोपणं आली. मुलाला पुन्हा खोकला झाला होता. खिडकीशी रेघेपर्यंत औषध भरून दाखवल्यावरच मला बाटली मिळाली. त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि मुलाला नि औषधाची बाटली घेऊन वर गेले. काका अजून घरी यायचे होते. काकूंनी दार उघडलं.

"काकू, काका जिंकले!" मी टोपण दाखवलं.

काकूंनी ते हातात घेतलं आणि रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आमची सुजाता चार वर्षांची होती. हे ड्यूटीवर. शेजारच्यांच्या फोनवर मला म्हणाले, दोन चमचे दे. मी दिले. चमचा मोठा होता. आठ दिवस पोरगी दवाखान्यात होती."

माझा चेहरा बघून त्या घाईनं म्हणाल्या, "वाचली हो. बंगळूरला असते, दोन लेकरं हायेत तिले. पण तवापासून मी कोणाले औषध नाही दिलं. नातवंडं तापली तरी नाही."

"काका काही बोलले होते का तुम्हाला?"

"कधीच नाही. रोज फक्त येऊन सांगतात, आजबी चमचा वेगळाच होता."

इतकी वर्षं हा माणूस पुण्यातली स्वयंपाकघरं पालथी घालून बायकोला एकच गोष्ट पटवत होता, की चूक तुझी नव्हती. आणि मी त्याला फुशारकी म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात काका आले. आल्या आल्या काही सांगायला तोंड उघडणार, तोच माझ्या मुलाला खोकल्याची उबळ आली.

"संध्याकाळचं दिलं का याले?" काकूंनी विचारलं.

"नाही अजून."

काकूंनी बाटली उघडली. टोपण डोळ्यांसमोर धरलं. औषध रेघेशी आलं तशा त्या थांबल्या, नीट पाहिलं, एक थेंब परत बाटलीत सोडला. मुलानं तोंड वाकडं करत गिळून टाकलं.

काका दारातच उभे होते, पायात चपला तशाच. सिरिंज खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही.