पाटीलकाकांचं बियाणं

वांगी घेताना पाटीलकाका एक वाकडं, एक किडकं आणि एक अगदीच बारकं वांगं मुद्दाम उचलतात. आमच्या पूनम सागर वसाहतीतला भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की कोपऱ्यातली टोपली पुढे सरकवतो. "अंकल, आपका वाला माल रखा है." काका खूश.

काका सरकारी भात संशोधन केंद्रातून निवृत्त झाले. उभा जन्म भाताचे वाण जपण्यात गेला, त्यामुळे निवड हा शब्द त्यांना सोसत नाही. "चांगलं तेवढंच ठेवत गेलं की सगळं एकसारखं होतं. मग एकच रोग येतो आणि सगळं घेऊन जातो," हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. सोसायटीची कमिटी ठरत होती तेव्हा सगळ्यांनी समजूतदार माणसं सुचवली. काकांनी तिसऱ्या मजल्यावरच्या कजाग शहाबाईंचं नाव पुढे केलं. "एक तरी भांडखोर पाहिजे. सगळेच गोड असले तर बिल्डरसमोर कोण उभं राहणार?" शहाबाई निवडून आल्या आणि पहिलं भांडण त्यांनी काकांशीच केलं, गच्चीतल्या पिंपांवरून.

त्या पिंपांत काका जुने भात पेरायचे. काळ्या कुसळाचा, बुटका, खाऱ्या जमिनीतला. बी नुसतं डब्यात ठेवलं तर मरतं, अधूनमधून पेरून ताजं करावं लागतं. पिंपं खाली आली तेव्हा त्यांनी एकेक जात एकेका घरी कुंडीत वाटून टाकली. "सगळं एका घरात ठेवायचं नसतं, मीना," म्हणत एक कुंडी आमच्या बाल्कनीत ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्या चौकशीला येऊ लागले. "पोरगी कशी आहे?" आमचे हे मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगायचे, "झोपलीय."

काकांच्या बायको, सुमनकाकू, घोडबंदरच्या. माहेरी खाडीलगत भातशेती होती. दर दसऱ्याला त्यांचा भाऊ दाराला बांधायला नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी घेऊन यायचा. काका तेव्हा जिल्हाभर फिरून शेतकऱ्यांकडून मूठमूठ बी मागून आणायचे आणि केंद्रातल्या थंड खोलीत जपायचे. काकू म्हणायच्या, "आमचा भात पण ठेवा की तिथं. त्याला काय जागा न्हाय?" काका म्हणायचे, "घरचाच आहे. कधीही आणू."

मग जमीन विकली गेली, टॉवर उभे राहिले. भावाने आणलेली शेवटची जुडी काकूंनी दारावरून कधी उतरवू दिली नाही. आमच्याकडच्या खारट, दमट हवेत ती वर्षानुवर्षं तिथेच लटकत राहिली. काकांच्या ते डोक्यातही आलं नाही. त्या जुडीकडे बियाणं म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर काकांनी जुडी खाली काढली आणि त्यातले थोडे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. आठवडाभराने मी चहा घेऊन गेले तेव्हा ते फडकं उलगडून बसले होते. एकाही दाण्याला मोड नव्हता.

"दार उघडलं की रोज कपाळाला लागायची," ते म्हणाले. "रोज हाताने बाजूला करायचो."

मला रडू आवरेना. काका रडले नाहीत. उठले आणि उरलेले दाणे चोळून, पाखडून, काचेच्या बाटलीत भरू लागले. केंद्रात करत असतील तसंच, अगदी नेमकेपणाने. मेलेलं बी कोणी जपत नाही हे मला त्यांनीच शिकवलेलं, तरी मी बाटलीचं झाकण पुसून पुढे केलं.

बाटलीला पट्टी चिकटवून ते पेन हातात धरून थांबले.

"नाव काय लिहू? मी तिला कधी विचारलंच नाही. ती नुसतं 'आमचा भात' म्हणायची."

"तेच लिहा," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश लिहिलं. फ्रीजमधलं दूध आणि लोणचं बाजूला सारून मागे, सगळ्यात थंड जागी बाटली ठेवली. दार लावलं. नीट लागलंय ना, हे पुन्हा एकदा ओढून पाहिलं, आणि मग हात तसाच दारावर ठेवून उभे राहिले.