गॅरेज रूपांतर प्रकल्प, खंड सातवा

“ताट कुठे ठेवू? डोक्यावर?”

काका स्वतःशीच पुटपुटले होते. पण चौतीस वर्षं हेडक्लार्क राहिलेल्या माणसाचं पुटपुटणंही दोन खोल्या पलीकडे नीट ऐकू जातं. जेवणाच्या टेबलावर काकूंची खळीची वाटी होती, दोऱ्याची रिळं होती, पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या आणि मधोमध लोखंडी शिकंज्यात आवळलेली सहा पुस्तकं वाळत होती.

काकू पुस्तकं बांधायच्या. कोणाकडे शिकल्या नव्हत्या. एकदा एक फाटकं पुस्तक उसवलं आणि उसवलं त्याच्या उलट्या क्रमाने शिवून पाहिलं, तिथून सुरुवात. त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तो शिकंजा त्यांनी दिवसातून दोनदा उचलून फ्रिजवर ठेवला होता आणि जेवणं झाली की परत खाली घेतला होता.

“मला एक टेबल हवंय,” त्या म्हणाल्या. “जेवायच्या वेळी ज्याच्यावरून काही उचलावं लागणार नाही, असं. गॅरेजमध्ये मांडू. गाडी आपल्याकडे नव्हतीच कधी.”

गरजही तशीच होती. शाळांच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला चारशे पुस्तकं बांधायला द्यायची होती. आजवर काकूंना कोणी चार-पाचांच्या वर पुस्तकं दिली नव्हती. मात्र हे काम ‘स्वतंत्र कार्यस्थळ’ असणाऱ्यालाच मिळणार होतं, आणि ते पाहायला ग्रंथपाल तीन महिन्यांनी स्वतः येणार होत्या.

काकांनी घास गिळला, हात धुतले आणि म्हणाले, “मागणी लेखी द्या.”

एरवी ते बायकोला अगं-तुगं करत. आता प्रकरण खाजगी राहिलेलं नव्हतं.

इथे काकांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पहिले काही महिने ते रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून फाटकापर्यंत जात, कडी तपासत आणि परत येत. परत येऊन थेट स्वयंपाकघरात. तिथल्या सगळ्या डब्यांना त्यांनी क्रमांक दिले होते, त्यामुळे साखर सापडेना. मुलाला त्याच्या ऑफिसात फोन करून ते रोज विचारत, “आज आवक किती?” वन्सं, म्हणजे काकांची थोरली बहीण, मागच्या खोलीत राहत. त्यांच्या औषधांचाही साप्ताहिक गोषवारा निघू लागला होता.

तर काकूंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मागणी लिहून दिली आणि प्रकल्प सुरू झाला.

प्रथम मोजमाप. सुताराच्या टेपने गॅरेज काकांच्या टेपपेक्षा अर्धा इंच लांब भरलं. तिसरं मत म्हणून वन्संची शिवणाची टेप आणली, तिने तिसराच आकडा दिला. तफावत अहवाल तयार झाला. शेवटी सरासरी काढून भिंत तेवढीच असल्याचं सर्वानुमते मान्य करण्यात आलं.

मग सामान. एकसष्ट वस्तू निघाल्या. बिघडलेला कूलर, तीनचाकी सायकल, काकांच्या निरोप समारंभातलं घड्याळ. एकही वस्तू निर्लेखित, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी, केल्याशिवाय टाकता येत नव्हती, आणि निर्लेखन पडताळणीशिवाय होत नव्हतं. पडताळणीसाठी साठ वस्तू हॉलमध्ये आल्या. कूलर जेवणाच्या टेबलावर बसला. ताटं मांडीवर आली आणि काकू वॉशिंग मशीनच्या झाकणावर पुस्तकं शिवू लागल्या. मशीन चालू असलं की टाके थोडे थरथरत.

एकसष्टावी वस्तू होती वन्संची ट्रंक. तिची किल्ली एकोणीस वर्षांपूर्वी हरवली होती.

“कुलूप तोडू का?” सुताराने विचारलं.

“हात तर लावून बघ!” वन्सं म्हणाल्या.

“पण आक्का, आत आहे तरी काय?” काका.

“ते आठवत नाही, बाळ. म्हणजे महत्त्वाचंच असणार.”

आत काय आहे हे माहीत नसल्यामुळे ट्रंक निर्लेखित करता येईना. ती निर्णय होईपर्यंत जागेवरच राहिली.

दोन महिन्यांत गिलावा झाला. खिडकी बसली, पंखा आला, दिवा आला, भिंतीला फळ्या लागल्या आणि सहा फूट बाय तीन फुटांचं, बसलं की कोपर बरोबर टेकेल असं टेबल आलं. काकूंनी त्याच्यावरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्या शिकंजा घेऊन गेल्या, तर टेबलामागे काका बसले होते.

“उर्वरित कामांवर देखरेख ठेवायला प्रकल्प कार्यालय लागतं,” ते म्हणाले. “तात्पुरतं आहे.”

तेव्हापासून काका रोज सकाळी दहाला पाच कमी असताना डबा घेऊन घराबाहेर पडत आणि अकरा पावलं चालून कार्यालयात पोहोचत. पाचला कुलूप लावून परत येत. आल्यावर थकलेले असत. दारावर पाटी लागली : ‘भेटण्याची वेळ दुपारी तीन ते चार’. काकू एकदा सव्वातीनला गेल्या.

“अहो, टेबल तयार आहे ना?”

“टेबल तयार आहे. हस्तांतरण झालेलं नाही.”

“मग करा की.”

“प्रकल्प पूर्ण झाल्याशिवाय हस्तांतरण नाही. आणि प्रकल्प चालू असेपर्यंत प्रकल्प कार्यालय हलवता येत नाही.”

“घरात या ना. तिथे बसा.”

“घरात जागा कुठे आहे?” काका सौम्यपणे म्हणाले. “गॅरेजचं सामान आहे ना तिथे.”

कागद वाढत गेले. कागद सुटे ठेवणं काकांना पसंत नव्हतं, म्हणून ते बांधायला काकूंकडेच येऊ लागले. वॉशिंग मशीनवर, कपडे पिळले जात असताना, काकूंनी प्रकल्पाचे सहा खंड बांधले. पाठीवर सोनेरी अक्षरं काढली. सातवा शिकंज्यात होता.

तक्रार कोणीच करत नव्हतं, हेही नमूद करायला हवं. मुलाला आता फोन येत नव्हते. वन्संना ट्रंक उघडावी लागत नव्हती. फळी चढवणं आणि फेरतपासणीसाठी उतरवणं यात सुताराला इतकं स्थिर काम यापूर्वी मिळालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दहा ते पाच काकूंचं स्वयंपाकघर त्यांचं स्वतःचं झालं होतं. डब्यांवरचे क्रमांक त्यांनी एकेक करून पुसले होते. डबा मात्र त्या वेळेवर भरून देत.

ठरल्या दिवशी ग्रंथपाल आल्या. मुलाने सुट्टी घेतली होती. सगळे गॅरेजमध्ये जमले.

“वा!” ग्रंथपाल म्हणाल्या. “उजेड आहे, हवा आहे, टेबल तर काय सुरेख! इथे काम कोण करतं?”

“मी,” काका उभे राहून म्हणाले.

“काय काम?”

“या जागेचं कामाच्या जागेत रूपांतर.”

“मग पुस्तकं कुठे बांधता?”

काकूंनी त्यांना आत नेऊन वॉशिंग मशीन दाखवलं. सातवा खंड त्याच्यावर हलकेच थरथरत होता. ग्रंथपालांनी तो उचलला, टाके पाहिले, पाठीवरून बोट फिरवलं.

“काम तुमचंच घ्यावं असं आहे,” त्या म्हणाल्या. गॅरेजमध्ये परतून त्यांनी फॉर्म काढला. “पण हा रकाना भरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जागा उपलब्ध होण्यास विलंबाचं कारण. काय लिहू?”

सुताराने वर पाहिलं. “दमट हवा, मॅडम. लाकूड फुगतं.”

“किल्ली मिळत नाहीये,” वन्सं म्हणाल्या.

“प्रोसेसमध्ये आहे,” मुलगा फोनकडे बघत म्हणाला.

ग्रंथपालांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, टेबलावर व्यवस्थित झाकून ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “आता... होईलच थोड्या दिवसांत.”

“हे कारण नाही होत हो,” ग्रंथपाल म्हणाल्या. “रकाना रिकामा राहिला तर काम दुसऱ्याकडे जाईल.”

काकूंनी आतून आणलेला सातवा खंड टेबलावर ठेवला. तो अजून किंचित ओला होता. काकांनी तो उघडला. त्यांच्या शेवटच्या टिपणानंतर काकूंनी पुढे कोरी पानं शिवली होती. बरीच. प्रकल्प आणखी कितीही वर्षं चालला तरी पुरतील इतकी. काका ती मोजत राहिले, आणि मोजता मोजता थांबले.

“लिहा,” ते म्हणाले. ऑफिसात मजकूर सांगायचे त्याच आवाजात, न अडखळता. “सदर काम पूर्ण झाल्यास अर्जदाराच्या पतीस सकाळी दहा वाजता जाण्यासाठी कोणतीही जागा उरत नाही. पूर्णविराम. ही बाब सर्व संबंधितांस पहिल्या दिवसापासून अवगत असून, सौजन्याखातर आजवर कोणीही ती नोंदवलेली नाही.”