देवयानी आणि देवचार

जर्मनीतली नोकरी सोडून कोकणात, देवबागला परतायचं मी एका रात्रीत ठरवलं. (बायकोला, अनुजाला, विचारायचं तेवढं त्या रात्री राहून गेलं.) तिकडे उजेड इतका, की चार चांदण्या दिसल्या तरी नशीब. इथे आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, अख्खी आकाशगंगा दिसते. दीर्घिकांचे फोटो काढायचे, ते बघून आमच्या होमस्टेला आकाशवेडे पाहुणे येतील आणि गावाला आपल्या काळोखाची किंमत कळेल, असा बेत होता.

"या अमावस्येला एक तरी फोटो दाखव," अनुजा म्हणाली. "नाहीतर सरळ नोकरी शोध."

अमावस्येला जेवण आटपून मी देवयानी दीर्घिकेवर दुर्बीण रोखली. आता बराच वेळ एकामागून एक फोटो घ्यायचे आणि मग ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात, म्हणून हातात लाल टॉर्च घेतला. दंव पडत होतं, म्हणून अंगावर घोंगडी. कुत्र्यांनी तिवईला धक्का देऊ नये, म्हणून दुसऱ्या हातात काठी. अशा थाटात मी माडांखाली येरझारा घालू लागलो.

आता घोंगडी, काठी आणि दिवा घेऊन रात्री हद्दीवर फिरणारा आमच्याकडे एकच : देवचार, गावाचा राखणदार देव. हे मला (शिक्षण पूर्ण झालं असल्यामुळे) सुचलंच नाही.

शेजारच्या हौसाकाकीला मात्र लगेच सुचलं. तिने कुंपणाआडूनच हात जोडले आणि मुलाला हाक मारली. थोड्याच वेळात त्यांच्या माडावरचा हॅलोजन थेट माझ्या दुर्बिणीवर पेटला.

मी धावलो. "सुदेशदादा, बंद कर तो."

"गप रे. देवचार फिरतासा. काळोखात तेच्या पायात झावळ अडकतली."

"अरे, तो मीच होतंय."

हौसाकाकीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुका भरम झालो काय रे झिला? तो तुझ्यापेक्षा उंच होतो. आणि चाल कशी, रुबाबदार."

मी शेवटचा प्रयत्न केला. "काकी, मी फोटो काढतंय. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी थयसून निघालो."

"पंचवीस लाख वर्षां चललो," सुदेश म्हणाला, "मग चार दिवस थांबाक तेका काय झाला?"

हॅलोजन पहाटेपर्यंत जळत होता. रचलेल्या फोटोत देवयानी नव्हती. पातळ पेजेसारखं काहीतरी पांढरं होतं.

सकाळी देवचाराला गाऱ्हाणं घालायला वाडीतले बाबलीकाका नारळ घेऊन हजर झाले. दर्शन आमच्या माडांखाली झालेलं, तेव्हा यजमान मी. मागे सगळी वाडी हात जोडून उभी.

"बा देवचारा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्या वाटेत तिवई उभी केल्यान, ती चूक पोटात घाल. तेका रातची झोप लागां दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"आणि तेका पयल्यासारखी नोकरी गावां दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज अनुजाचा होता. त्याखालोखाल, निव्वळ सवयीने, माझा.