प्रकरण संपेपर्यंत हजामत

समोर नवं सलून उघडल्यापासून मामाच्या दुकानातल्या माश्यासुद्धा तिकडे मुक्कामाला गेल्या होत्या. सलूनचा मालक तरुण. कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा केसांचा झुपका राखायचा, म्हणून सगळे त्याला हिरो म्हणत. पोरगा मनानं वाईट नव्हता. एकदा रस्ता ओलांडून येऊन म्हणालाही, "मामा, माझी तिसरी खुर्ची रिकामीच असते. महिनाअखेरीला इथं कुलूप लावा आणि या माझ्याकडे. पंख्याखाली काम!"

मामानं "बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण आयुष्यभर आपल्या दुकानात कात्री चालवल्यावर आता समोर, दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

अशातच चर्चचे पाळकसाहेब काखेत तीन पुस्तकं मारून आले. एक विश्वासावरचं, एक उपासनेवरचं आणि एक जाडजूड, कुटुंबावरचं.

"दर रविवारी मी घसा कोरडा करतो, ही वाचा म्हणून," ते म्हणाले. "सगळे 'हो साहेब' म्हणतात आणि घरी जाऊन ताणून देतात. तुझ्याकडे माणसाला बाकावर थांबावंच लागतं. ठेव इथं."

"थांबायला आधी माणसं यायला हवीत, साहेब."

"येतील. मी प्रार्थना करतो."

प्रार्थना ऐकली गेली, पण मामाच्या मनासारखी नाही.

पहिला आला बेकरीवाला. त्यानं कुटुंबावरचं पुस्तक सहज उघडलं आणि तिथंच अडकला. लिहिणारा भलताच हुशार होता. 'भांडणानंतर' नावाच्या प्रकरणात एका नवरा-बायकोचा अबोला सुरू होता. दोघं एका घरात राहून मांजराशी बोलत आणि त्याच्या आडून एकमेकांना टोमणे ऐकवत. मध्ये पवित्र शास्त्रातली वचनं, उपदेश, प्रार्थना, मग पुन्हा मांजर. आता हे दोघं बोलतात केव्हा, ते कळल्याशिवाय माणूस उठणार कसा?

"या, बसा खुर्चीत," मामा म्हणाला.

"आधी पोस्टमनला घ्या."

पोस्टमन त्याच्या खांद्यावरून वाचत होता. "मला काय घाई आहे? तुम्ही पान उलटा हो!"

चार दिवसांत बाकावर बूड टेकायला जागा उरली नाही आणि खुर्चीवर मात्र कोणी नाही. मामी चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "अहो, दुकान आहे की वाचनालय?"

"पुस्तक घरी न्या की, बाबांनो," मामा काकुळतीला आला.

"घरी?" बेकरीवाला दचकला. "बायकोनं हे प्रकरण पाहिलं तर रोज तोंडी परीक्षा घेईल माझी!"

शेवटी मामीनंच कंबर कसली. पुस्तक हिसकावून घेत ती म्हणाली, "आजपासून जो खुर्चीत बसेल त्यालाच पुस्तक. बाकावर बसून फुकट वाचन बंद!"

बेकरीवाला टुणकन उडी मारून खुर्चीत बसला. मामानं केस कापले, मान साफ केली, चादर झटकली. गिऱ्हाईक हलेना.

"झालं की."

"माझं नाही झालं. अजून जरा बारीक करा."

मामानं बारीक केले. मग आणखी बारीक. हात चालवता चालवता त्यालाही राहवेना. "काय चाललंय त्यांचं?"

"मांजर आजारी पडलंय."

"अरे देवा! मग?"

"थांबा ना, मध्ये प्रार्थना आहे."

पुस्तकातला नवरा उठून "चुकलं माझं" म्हणाला, तेव्हा बेकरीवाल्याच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा झाला होता. डोळे पुसत तो घरी गेला आणि त्या भरात बायकोलाही म्हणाला, "चुकलं माझं." तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग त्या गोट्यावरून हळूच हात फिरवला.

ही बातमी महिलांच्या प्रार्थनासभेत पोचली आणि मंडळीतल्या नवऱ्यांचे दिवस फिरले. ज्याचा गोटा, त्याचं प्रकरण वाचून पूर्ण, असा हिशेब बायकांनी बांधला. ज्याचे केस जागेवर, त्याला दारातच सवाल : "अजून अर्ध्यातच का?"

पोस्टमननं शक्कल लढवली. समोर हिरोकडे जाऊन झटपट गोटा करून घेतला आणि ऐटीत घरी गेला. बायको हाताची घडी घालून वाट बघत उभी राहिली. हा आपला जेवायला काय आहे विचारतोय.

"गोटा आहे," ती म्हणाली, "पण 'चुकलं माझं' कुठंय?"

तेव्हापासून हिरोचा गोटा खोटा ठरला. लोक मामाकडेच रांग लावू लागले. पाळकसाहेबही आले. "मला तसं वाचायची गरज नाही," असं म्हणत बसले आणि उठले ते गोटा करूनच. रविवारी ते वेदीपाशी उभे राहिले, समोर ओळीनं सगळे गोटे. मामी मामाच्या कानात कुजबुजली, "खिडकीचा पडदा ओढा हो, डोळे दिपतात."

मामा गालात हसला. पण घरी येताना त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. सगळ्यांचे गोटे! म्हणजे आता दोन महिने कापायचं काय?

पुढचा आठवडा मामा दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या डोक्यांकडे आशाळभूतपणे बघत राहिला. कुठं काही उगवलेलं दिसेना. महिना संपत आला. समोर हिरोच्या तिन्ही खुर्च्यांवर धूळ बसली होती, पण त्याचा मामाला काय उपयोग? त्यानं कुलूप शोधून, तेल घालून ठेवलं.

संध्याकाळी हिरो रस्ता ओलांडून आला. मामानं मान खाली घातली. "तिसऱ्या खुर्चीचं विचारायला आलास ना?"

"खुर्ची जाऊ दे, मामा." हिरोचा चेहरा उतरला होता. "बायको माहेरी गेली. बेकरीवालीनं तिला सगळं सांगितलंय. म्हणते, ते प्रकरण वाचल्याशिवाय न्यायला यायचं नाही. जरा द्याल का? बाकावर बसून वाचतो."

मामानं त्याच्या झुपक्याकडे पाहिलं. अख्ख्या वस्तीत शिल्लक राहिलेलं तेवढंच पीक होतं.

"बाकावर नाही. मामीचा नियम आहे."

हिरोनं झुपक्यावर हात ठेवला, माहेरच्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्चीत बसला. मामानं चादर बांधली, पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"थोडेच कापा हं, मामा. माझ्या दुकानाची पाटीच आहे ही."

"ते तुझ्या वाचण्यावर आहे."

"तीच तर पंचाईत आहे. मला सवय नाही. एकेक अक्षर लावत वाचतो."

"सावकाश होऊ दे, बाळा," मामा मायेनं म्हणाला. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली आणि वस्तऱ्याला धार लावायला घेतली.